फिल्म लेन्सचा डिजिटल कॅमेऱ्यावरील वापर

फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी घडवलेली, बहुधा वडील-आजोबांकडून आलेली लेन्स डिजिटल बॉडीवर चढवून छायाचित्रे काढण्याची पद्धत. मराठवाड्यात अशा लेन्स मुख्यतः जुने स्टुडिओचालक व हौशी छायाचित्रकार यांच्या घरातून पुढच्या पिढीकडे येतात.

लेन्स चालेल की नाही हे फ्लँज अंतरावर, म्हणजे माउंटपासून (लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते त्या कड्यापासून) फिल्म वा सेन्सरपर्यंतच्या अंतरावर ठरते. ते निकॉन एफ माउंटमध्ये 46.5 मिमी., एम42 या आट्यांच्या जुन्या माउंटमध्ये 45.46 मिमी., कॅनन ईएफमध्ये 44 मिमी. आणि कॅनन एफडीमध्ये 42 मिमी. आहे. बॉडीचे अंतर लेन्सच्या अंतरापेक्षा कमी असेल, तर उरलेली जागा अडॅप्टरच्या पोकळ कड्याने भरता येते. एम42 लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) मात्र सेन्सरपासून 1.04 मिमी. जास्त लांब राहते. हातावरचे फूल स्पष्ट येते, दौलताबादचा किल्ला धूसरच राहतो. मध्ये भिंग बसवलेला अडॅप्टर यावर उपाय आहे, पण स्वस्त भिंगाने प्रतिमेची धार जाते. मिररलेस बॉडीत आरसा नसल्याने अंतर बरेच कमी आहे (सोनी ई 18 मिमी., निकॉन झेड 16 मिमी.). त्यामुळे साधारण 2010 नंतर हा प्रश्न बहुतांशी सुटला.

एम42 या 42 मिमी. व्यासाच्या, 1 मिमी. पेराच्या आट्यांच्या माउंटचे मूळ वादग्रस्त आहे. काही जण त्याला ‘पेंटॅक्स थ्रेड’ म्हणतात, काही ‘प्राक्टिका थ्रेड’. ‘असाही’ या जपानी कंपनीने आपल्या पेंटॅक्स कॅमेऱ्यासाठी तो 1957 मध्ये स्वीकारला आणि जगभर नेला, म्हणून पहिले नाव रूढ झाले. त्यावरून उगम जपानी ठरत नाही. जर्मनीच्या ड्रेस्डेन शहरातील झाइस आयकॉन कंपनीचा काँटॅक्स एस आणि त्याच शहरातील केडब्ल्यू कंपनीचा प्राक्टिका हे दोन्ही एम42 कॅमेरे 1949 च्या सुमारास बाजारात आले. केडब्ल्यूच्या आधीच्या प्राक्टिफ्लेक्सचे आटे 40 मिमी.चे होते. हे पाहता मूळ आराखडा झाइस आयकॉनचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रशियन झेनिट कॅमेऱ्यासोबत येणारी हेलिओस 44-2 (58 मिमी., एफ/2) ही याच माउंटची, झाइसच्या बायोटार या लेन्सवर बेतलेली लेन्स होय.

बहुतेक बॉडींत ‘लेन्सविना शटर’ हा पर्याय सुरू करावा लागतो. छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट, अ‍ॅपर्चर) लेन्सवरील कड्याने, तर फोकस हाताने व पडद्यावर प्रतिमा मोठी करून साधतात. 1977 पूर्वीची, बदल न केलेली निकॉन लेन्स माउंटच्या कडेला छिद्रदर्शक कळ असलेल्या बॉडीवर चढवू नये. ती कळ मोडू शकते.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई असल्याने मोठ्या छिद्राच्या जुन्या लेन्सचा खरा उपयोग तिथे कळतो. एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे; एफ/5.6 च्या तुलनेत एफ/1.8 सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत घेते. जिथे शटर 1/5 सेकंदावर अडखळते, तिथे ते 1/50 च्या जवळ जाते. मात्र दीडपट क्रॉपच्या (35 मिमी. फिल्मच्या चौकटीपेक्षा तितक्या लहान) सेन्सरवर 50 मिमी. लेन्सचा दृश्यकोन 75 मिमी. लेन्सइतका होतो आणि अरुंद विहारात मागे सरकायला जागा नसते. म्हणून 28 किंवा 35 मिमी. लेन्स घरात असेल तर तिला प्राधान्य द्यावे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या उघड्या प्रांगणात ही अडचण कमी.

वर्षानुवर्षे लोखंडी कपाटात पडून राहिलेल्या लेन्सवर पावसाळ्यातल्या दमटपणाने बुरशी धरते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडला की आतले ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर पसरू शकते आणि पाती चिकटतात.

काही लेन्सच्या काचेत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य मिसळलेले असे; सुपर-टाकुमार 50 मिमी. एफ/1.4 ची सात भिंगांची आवृत्ती त्यांपैकीच. अशी काच कालांतराने पिवळी पडते आणि अतिनील किरणांनी पुन्हा उजळते. त्यासाठी लेन्स काही आठवडे उन्हात ठेवतात. मराठवाड्यात हे काम वैशाखात करण्यापेक्षा पौष-माघाच्या उन्हात करणे बरे, म्हणजे ग्रीस सांभाळले जाते. भिंगातून ऊन एकवटून पेट घेऊ शकते, म्हणून लेन्सच्या मागच्या बाजूस अ‍ॅल्युमिनियमची पन्नी लावावी आणि जवळ कापड वा कागद ठेवू नये.