ऐतिहासिक नकाशांचे भूसंदर्भीकरण

जुन्या कागदी नकाशाची अंकीय प्रतिमा घेऊन तिच्यावरील ठिकाणांना आजचे अक्षांश-रेखांश देणे आणि ती प्रतिमा आधुनिक नकाशावर किंवा उपग्रहचित्रावर बसवणे, या प्रक्रियेला भूसंदर्भीकरण म्हणतात. नुसता स्कॅन केलेला नकाशा हे केवळ चित्र असते. भूसंदर्भीकरण झाले की त्यावर अंतर मोजता येते, गाव शोधता येते, शेजारची शीट जोडता येते आणि पारदर्शकतेची पट्टी सरकवून दीडशे वर्षांपूर्वीचा किनारा व आजचा रस्ता एकाच जागी पाहता येतो. ग्रंथालयांनी हे काम लोकांसाठी आणि पुष्कळदा लोकांच्या हातून केले, म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते अभ्यासकांच्या खोलीतून बाहेर आले.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१० च्या सुमारास ‘मॅप वॉर्पर’ हे साधन खुले केले. आग-विमा कंपन्यांसाठी काढलेले, प्रत्येक इमारत दाखवणारे शहरनकाशे वाचकांनीच त्यावर बसवले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने फेब्रुवारी २०१२ मध्ये ७२५ नकाशे लोकांपुढे ठेवले आणि आठवडा उलटायच्या आत ते सारे बसवून झाले. ग्रंथालयाने फ्लिकरवर टाकलेल्या सुमारे दहा लाख पुस्तकचित्रांमधून पुढे स्वयंसेवकांनी पन्नास हजारांवर नकाशे हुडकले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा रस्ता वेगळा. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या हजारो शीट त्याने मालिका म्हणून घेतल्या आणि एकसंध थर म्हणून लोकांना दिल्या. हे दिसते तितके सोपे नव्हते. एका मैलाला सहा इंच (१:१०,५६०) या मालिकेत काउंटीनिहाय (जिल्हावार) वेगवेगळे मध्यवर्ती रेखावृत्त धरून कॅसिनी प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची एक रीत) नकाशे काढलेले होते, त्यामुळे काउंटीच्या सीमेवर दोन शेजारच्या शीट एकमेकींशी जुळत नाहीत.

कार्यपद्धती : मूळ नकाशा सपाट ठेवून पुरेशा तपशिलाने स्कॅन करतात. एक इंच बरोबर एक मैल या प्रमाणाच्या (१:६३,३६०) शीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारे ६३ मीटर. त्यामुळे कागदाचे आकसणे, घडीची सुरकुती, शाईची जाड रेघ यांपैकी काहीच किरकोळ नसते. तुकडे करून कापडावर डकवलेले घडीचे नकाशे तर फारच त्रास देतात. दोन तुकड्यांमधली चार मिलिमीटरची फट म्हणजे पाव किलोमीटर पोकळ जमीन. अशा वेळी तुकडे आधी अंकीय रीतीने जवळ आणावे लागतात किंवा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

त्यानंतर नियंत्रण बिंदू निवडायचे, म्हणजे जुन्या नकाशावर आणि आजच्या जमिनीवर निःसंशय एकच असलेल्या जागा. देवळाचा किंवा चर्चचा कळस, किल्ल्याचा बुरूज, जुन्या दगडी पुलाचे टोक चांगले. नदीचे वळण, तळ्याचा काठ, झाडे आणि गावाच्या नावाची अक्षरे वाईट. या बिंदूंच्या जोड्यांवरून संगणक रूपांतरण ठरवतो. अफाइन रूपांतरणाला, म्हणजे सरळ रेषा सरळच ठेवून प्रतिमा सरकवणे, फिरवणे व ताणणे याला, किमान तीन बिंदू लागतात, रेषा वाकवू शकणाऱ्या द्वितीय घाताच्या बहुपदीला सहा, तृतीय घाताला दहा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ या पद्धतीत प्रतिमा रबरी पत्र्यासारखी ताणली जाते आणि प्रत्येक नियंत्रण बिंदू आपल्या जागी तंतोतंत बसतो. क्यूजीआयएससारख्या मोफत संगणकप्रणालीत हे सर्व पर्याय आहेत.

नवखा माणूस हमखास फसतो तो इथेच. प्रणाली शेवटी सरासरी चूक दाखवते आणि ती शून्याजवळ आली की काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पण नेमके तीन बिंदू घेऊन केलेल्या अफाइनमध्ये ती शून्यच येणार आणि स्प्लाइनमध्येही शून्यच. बिंदू चुकीचे असले तरी. गरजेपेक्षा बरेच जास्त बिंदू घ्यावेत, ते चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवावेत आणि काही बिंदू रूपांतरणात न घेता केवळ पडताळणीसाठी राखून ठेवावेत, हा अनुभवी लोकांचा शिरस्ता. एखादा बिंदू सतत दोनशे मीटर दूर पडत असेल, तर तो लगेच पुसू नये. मूळ सर्वेक्षकाने तो भाग प्रत्यक्ष न मोजता अंदाजाने भरला असण्याची शक्यता असते आणि इतिहासकाराला नेमके तेच हवे असते. बेर्नहार्ड येनी यांनी झ्युरिकमध्ये विकसित केलेली ‘मॅपअ‍ॅनालिस्ट’ ही प्रणाली जुन्या नकाशातल्या अशा विकृतीचाच आलेख काढते.

भारतीय नकाशे : कर्नल विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्यातून पुढे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले. लॅम्टन यांचा मृत्यू १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, काम चालू असतानाच झाला. या सर्वेक्षणावर आधारलेल्या शीटवर अक्षांश-रेखांशांची जाळी छापलेली असते, त्यामुळे कोपऱ्यांचे आकडे टाकले की काम झाले, असे वाटते. तसे होत नाही. एक तर मद्रास वेधशाळेचे रेखांश आधी जास्त धरले गेले होते आणि एकोणिसाव्या शतकातल्या शीटवरचे रेखांश त्यामुळे सुमारे अडीच मिनिटांनी किंवा त्याहूनही जास्त चुकतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर अडीच मिनिटे म्हणजे चार किलोमीटरहून अधिक. दुसरे म्हणजे हे नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचे तेव्हाचे गणिती प्रतिमान) बेतलेले आहेत, तर मोबाइलमधले जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या आजच्या प्रतिमानावर चालते. रेखांशाची दुरुस्ती करूनही या फरकामुळे आपल्याकडे शंभर मीटरच्या आसपास सरक उरते. शीटच्या तळाशी बारीक टाइपात छापलेली टीप वाचल्याशिवाय कोपरे टाकू नयेत.

मुंबईसारख्या शहरात अडचण निराळी. १८६० पूर्वीचा कोटाचा (आजच्या फोर्टचा) नकाशा घेतला तर किनारा वापरता येत नाही, कारण भराव घालून तो पुढे ढकललेला आहे. कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या आणि फ्लोरा फाउंटन उभे राहिले ते जुन्या चर्चगेटच्या परिसरात. उरतात सेंट थॉमस कॅथीड्रल (१७१८), टाउन हॉल (१८३३) अशा मोजक्या वास्तू, आणि त्याही एकाच कोपऱ्यात दाटलेल्या. फक्त त्यांवर नकाशा टांगला तर कोटातले सगळे चपखल बसते आणि मलबार हिल भलतीकडेच जाते. बाणगंगेचे कुंड पश्चिमेचा बिंदू म्हणून घेतले, की नकाशा बराच ताळ्यावर येतो. दुसरा मार्ग म्हणजे मधली पायरी घेणे : १८६५–७२ च्या लॉटन सर्व्हेसारखे बारीक तपशिलाचे नकाशे आधी आजच्या शहरावर बसवायचे आणि त्याहून जुना नकाशा त्यांच्यावर.

मराठेशाहीतल्या मोडी नावांच्या हस्तलिखित नकाशांना मात्र ही सारी यंत्रणा लावून उपयोग नाही. त्यांत किल्ला मोठा, गाव लहान आणि वाट जशी चालली तशी काढलेली असते. प्रमाण नाही, म्हणून ओढूनताणून बसवले तर चित्राची चिरफाड होते. तेथे प्रत्येक नावाला केवळ बिंदू म्हणून आजच्या नकाशावर जोडून मूळ चित्र शेजारी ठेवणेच योग्य.

महसुली गाव नकाशे या दोहोंच्या मधले. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यात शेतवार मोजणी सुरू केली. ३३ फुटी साखळी आणि शंकू (काटकोन साधण्याचे साधन) यांच्या साह्याने मोजलेल्या या नकाशांत गावाच्या आतली शेते चांगली जुळतात. गावागावांची सांगड मात्र ढिली, आणि शेजारच्या दोन गावांची शीव कागदावर एकमेकींवर चढते किंवा मध्ये पट्टा सुटतो. तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड सापडला, तर त्याच्याइतका भरवशाचा बिंदू नाही. इंदापुरातच त्याचा कस लागतो : भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली (१९८०) तालुक्याची नदीकाठची जमीन गेली. जुने पळसदेव पाण्यात आहे आणि पळसनाथाचे देऊळ पाणी फार खाली गेले तरच उघडे पडते. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेल्या १:२,५०,००० प्रमाणाच्या भारतविषयक शीट टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जालावर मोफत ठेवल्या आहेत. धरणापूर्वीचा भीमेचा काठ त्यांवर दिसतो. मात्र या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पाव किलोमीटर, त्यामुळे कोणाचे घर कुठे होते हे त्यावरून सांगू नये. त्यासाठी गाव नकाशाच लागतो.

खुला वापर : अलीकडे मूळ प्रतिमा ग्रंथालयाच्या सर्व्हरवरच राहते आणि नियंत्रण बिंदू तेवढे वेगळ्या छोट्या नोंदीत साठवले जातात. ट्रिपल-आय-एफ (IIIF) या, प्रतिमा जालावर देण्याच्या सामाईक मानकाच्या भूसंदर्भ विस्तारावर चालणारे ‘ऑलमॅप्स’ हे साधन ब्राउझरमध्येच नकाशा ताणून दाखवते. बिंदू चुकले तर दुसरा कोणी ते सुधारतो आणि मूळ स्कॅनला हात लागत नाही. जुन्या पद्धतीत एकदा वाकवलेली प्रतिमा हीच अंतिम मानली जाई, त्या मानाने ही मोठी सुधारणा. डेव्हिड रम्सी यांच्या जुन्या नकाशांच्या संग्रहातील नकाशांवरचा मजकूर यंत्राने वाचून गावाच्या नावाने शोध घेण्याची सोयही २०२३ पासून झाली आहे.

स्वामित्वहक्काचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. भारतात सरकारी प्रकाशनाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणून ब्रिटिशकालीन टोपोशीट (भूरूपदर्शक नकाशे) त्यातून मोकळ्या झाल्या आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी डब्ल्यूजीएस-८४ वरची खुली मालिका आणि संरक्षण दलांसाठी निराळी मालिका अशी विभागणी केली. फेब्रुवारी २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी नकाशे बनवण्या-वापरण्यासाठी भारतीय संस्थांवर असलेली पूर्वपरवानगीची अट बहुतांशी उठवली.

उपग्रहचित्रावर बसवलेला गाव नकाशा पाहून बांधाचा वाद मिटवायला निघालेले लोक वरचेवर भेटतात. त्या थरातली चूक सहज दहा-वीस मीटर असू शकते आणि पडद्यावरची बारीक रेघ ती चूक दाखवत नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशाच, लागते.