'इन्फर्मेशन'पुढचा 'एस' आम्ही का खोडतो?

इंग्रजी मजकूर तपासून परत पाठवला की ग्राहकांचा फोन बहुतेकदा एकाच खुणेवरून येतो. 'इन्फर्मेशन्स'मधला शेवटचा 'एस' लाल रेघेनं का उडवला? मुद्दे पाच आहेत, मग अनेकवचन नको का?

नको. 'पाच माहित्या पाठवा' असं आपण तरी कुठे म्हणतो? माहिती थोडी असते, बरीच असते, अर्धवट असते, पण मोजून दिली जात नाही. 'इन्फर्मेशन'चंही तेच. त्यामुळे आधी 'अ‍ॅन' नाही, 'मेनी' नाही. 'मच' आणि 'सम' चालतात. क्रियापद कायम एकवचनी : 'द इन्फर्मेशन इज करेक्ट'. आता या वाक्यातला 'द' बरोबर आहे. 'अ‍ॅन' खोडलेला पाहून काहीजण धसक्यानं तोही काढून टाकतात, तसं करू नका.

मोजायचंच असेल तर 'टू पीसेस ऑफ इन्फर्मेशन' म्हणता येतं, पण व्यवहाराच्या पत्रात ते जडच वाटतं. 'प्लीज सेंड द फॉलोइंग इन्फर्मेशन्स' हे वाक्य आलं, की आम्ही तिथे सरळ 'डीटेल्स' घालतो. त्याचं अनेकवचन बिनधास्त होतं.

ही चूक फ्रेंच आणि जर्मन माणसंही करतात, कारण त्यांच्या भाषांत या शब्दाचं अनेकवचन खरोखरच आहे. आपल्याला निदान 'माहिती'चा आधार आहे. 'अ‍ॅडव्हाइस'ला मात्र मराठीच दगा देते. आपण दहा सल्ले देतो, इंग्रजीत सल्ल्याच्या अर्थानं 'अ‍ॅडव्हाइसेस' होत नाही.

आणखी एक खूण 'ऑफ'वर दिसेल. 'कंपनीची माहिती' मनात धरून 'इन्फर्मेशन ऑफ द कंपनी' लिहिलं जातं. कंपनीविषयीची माहिती म्हणायचं असेल तर 'अबाउट' किंवा 'ऑन' हवं.

एका ठिकाणी मात्र आमची लाल रेघ चुकू शकते. कायद्याच्या इंग्रजीत 'अ‍ॅन इन्फर्मेशन' म्हणजे कोणावर तरी गुन्ह्याचा आरोप ठेवणारा औपचारिक कागद. तिथे 'अ‍ॅन'ही चालतो आणि 'एस'ही. मजकूर कोर्टकचेरीचा असेल तर पाठवतानाच तसं कळवा.