पॅडल जाड आहे, जड नाही

पिकलबॉल म्हणजे फळीसारख्या पॅडलने प्लास्टिकचा चेंडू जाळ्यापार मारायचा खेळ. आमच्या पिकलबॉल कोर्टवर नवा माणूस आला की पहिल्या दहा मिनिटांत हे होतंच. कुणाचं तरी 16 मिलिमीटरचं पॅडल तो हातात घेतो, कडेवरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "बाप रे, केवढं जड!" अहो, जड नाही, जाड. मराठीत फरक एका कान्याचाच आहे, पण खेळताना ही दोघं पार उलट्या दिशांना ओढतात. जाडीने चेंडू मवाळ होतो, वजनाने तो जोरात जातो.

सोसायटीतले एक काका टेबल टेनिसमध्ये मुरलेले. त्यांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून "जोरात जाईल" म्हणून मुद्दाम जाड पॅडल घेतलं. आता चेंडू मागच्या रेषेपर्यंत पोचत नाही म्हणून रोज कुरकुर चालते. त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण त्यांचा अनुभव हेच सांगतो. टीटीच्या बॅटचा स्पंज 1.8 ऐवजी 2.1 मिलिमीटरचा घेतला की बॅट वेगवान होते. क्रिकेटचं तर बोलायलाच नको. बॅटच्या कडा इतक्या फुगल्या की 2017 साली त्यांना 40 मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पिकलबॉलपुरतं विसरा.

पिकलबॉलच्या पॅडलवर रबर नसतं, स्पंजही नसतो. मध्ये पॉलिप्रॉपिलीनचं मधमाशीच्या पोळ्यासारखं जाळं, षटकोनी घरं उभी रचलेली, आणि दोन्ही अंगांना कार्बन किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा चिकटवलेला. चेंडू आदळला की हे सगळं पोळं किंचित वाकतं आणि झटक्यात सरळ होतं. 13-14 मिलिमीटरचं पोळं जास्त वाकतं, म्हणून चेंडूला जास्त ढकलतं. 16 चं कमी वाकतं, चेंडू जरा दमून परततो. गटारावर टाकलेली पातळ फळी आठवा. पाय पडला की दबते आणि पुढच्या पावलाला वर उचलते. त्याच जागी जाड फळी टाकली तर ती ढिम्म राहते.

आता वजन. 1965 साली अमेरिकेत बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा टीटीच्याच बॅटी वापरल्या, मग प्लायवूड कापून पॅडलं बनवली. ती खरोखरच जाड तितकी जड असायची. 1984 साली बोइंगमधले इंजिनिअर आर्लन पॅरँटो यांनी विमानाच्या फरशीसाठी वापरतात तसल्या पोळेदार फळ्यांपासून पॅडल बनवलं आणि हे नातं तुटलं. पोळ्याच्या आत बहुतेक हवाच असते. हवेचं कसलं वजन?

विश्वास बसत नसेल तर मी केलं ते करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, जिथे एरवी केकचा मैदा मोजला जातो, तिथे माझी दोन्ही पॅडलं ठेवली. 16 वालं 224 ग्रॅम, 14 वालं 229. पातळ पॅडल पाच ग्रॅमने जड निघालं! बाजारातली बहुतेक पॅडलं 210 ते 240 ग्रॅममध्ये असतात आणि जाडीवरून वजनाचा अंदाज बांधताच येत नाही. कडेच्या प्लास्टिकच्या पट्टीवर अंगठा फिरवून तर जाडीही कळत नाही. पट्टी पत्र्याच्या वर चढलेली असते. जाडीचा आकडा बहुतेक पॅडलवर छापलेला असतो, तो वाचा.

वजन काय करतं? जड पॅडल वेगवान चेंडूपुढे हातात डगमगत नाही आणि फटक्याला रेटा देतं. पण जाळ्याजवळ दोन्ही बाजूंनी धडाधड व्हॉली, म्हणजे टप्पा पडू न देता मारलेले फटके, सुरू झाल्या की ते फिरवायला उशीर होतो आणि चेंडू छातीवर बसतो. वजन कमी वाटलं तर कडेला शिशाची पट्टी चिकटवता येते. जाडी मात्र विकत घेतली तीच, जन्मभर. म्हणून दुकानात आधी जाडी ठरवा.

माझं मत विचाराल तर नवशिक्याने आणि दुहेरी खेळणाऱ्याने डोळे मिटून 16 घ्यावं. या खेळात गुण किचनजवळ मिळतात, म्हणजे जाळ्यालगतच्या सात फुटांच्या पट्ट्याजवळ, आणि तिथे लागतो तो डिंक, लाडवातला नव्हे, हळूच जाळ्यापार टाकलेला चेंडू. पातळ पॅडलवर तो हमखास चार बोटं जास्त उडतो आणि समोरचा वाटच बघत असतो. 14 वालं टेनिसमधून आलेल्या, एकेरी खेळणाऱ्या आणि मनगटावर ताबा असलेल्यांना शोभतं. एक अपवाद सांगून ठेवतो: साच्यात तापवून घडवलेलं, कडेत फोम भरलेलं थर्मोफॉर्म्ड पॅडल 16 चं असूनही चांगलंच उसळतं.

बाकीच्या गोष्टींवर लोक उगाच तासतास घालवतात. लांब की रुंद? लांबी-रुंदीची बेरीज 24 इंचांच्या वर जात नाही, एक वाढलं की दुसरं घटतं. "कार्बन म्हणजे पॉवर" हे तर कानाला टोचतं. खरखरीत कार्बन चेंडूला पकड आणि फिरकी देतो, उसळी फायबरग्लासला जास्त. रंग आवडेल तो घ्या. आणि कृपा करून पॅडलला रॅकेट म्हणू नका. तारा दिसतायत का कुठे?

काकांना मी आठवडाभर माझं 14 वालं दिलं. चेंडू आता मागच्या रेषेपर्यंत दणक्यात जातो, पण डिंक छातीच्या उंचीवर येतो आणि शेजारची शाळकरी मुलगी तो त्यांच्याच पायाशी आपटते. काल पॅडल परत करताना विचारत होते, "पंधराचं मिळतं का रे कुठे?"