मेंदूत क्लिप आहे, म्हणून एमआरआय कायमचा बंद?

‘डोक्यात क्लिप बसवलीय, आता जन्मात एमआरआय नाही.’ मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, बंद करून घेतलेल्या रुग्णांना सोलापुरात हे हमखास ऐकवलं जातं. ही भीती आली जुन्या स्टीलच्या क्लिपांमुळे. त्यातल्या काही चुंबकाकडे ओढल्या जात. १९९०च्या दशकात अशी क्लिप हलून रक्तस्राव झाला आणि रुग्ण दगावला. आजच्या क्लिप बहुतेक टायटॅनियमच्या किंवा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूच्या असतात. त्यांना सहसा ‘एमआर कंडिशनल’ असं लेबल असतं: ठरलेल्या अटींत, साधारण १.५ किंवा ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर, तपासणी करता येते. काहींच्या फुग्यात क्लिपऐवजी आतून बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, भरलेली असते; ती बहुतेकदा प्लॅटिनमची असते, चुंबकाकडे ओढली जात नाही.

खरी अडचण कागदाची. शस्त्रक्रिया पुण्याला किंवा हैदराबादला झालेली, फाईल बार्शीच्या घरी ट्रंकेत. सेंटरला हवं असतं कंपनीचं नाव, मॉडेल आणि लॉट नंबर. ते ऑपरेशन नोटवर चिकटवलेल्या छोट्या स्टिकरवर असतं. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘क्लिपिंग केले’ लिहिलं असेल तर ते पुरत नाही. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथल्या रेकॉर्ड विभागातून प्रत मागवा आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

‘मागे एकदा काढला, काही झालं नाही’ हा पुरावा धरू नका. त्या मशीनची ताकद वेगळी असू शकते. एक्स-रेवरून क्लिप दिसते, धातू कळत नाही. आणि मशीन शांत असलं तरी चुंबक चालूच असतो, त्यामुळे माहिती दाराबाहेरच द्या.

क्लिपभोवती चित्रात काळा डाग येतो. म्हणून फुगा पुन्हा भरला का हे पाहायला डॉक्टर बऱ्याचदा सीटी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनवर रक्तवाहिन्यांची तपासणी) किंवा डीएसए (रक्तवाहिनीत नळी घालून केलेली एक्स-रे तपासणी) सांगतात.