राइड घेऊ का क्रॅश?

परभणीत लग्नसराई जवळ आली की आमच्या ऑर्केस्ट्रात ड्रमवर बसणारा नवा पोरगा हमखास विचारतो, "दादा, पैसे एकाच सिंबलपुरते हायेत. राइड घेऊ का क्रॅश?" सिंबल म्हणजे ड्रमसेटवरची धातूची तबकडी; राइडवर ताल धरतात, क्रॅशवर दणका देतात. मी त्याला दुकानाच्या आधी विठ्ठलाच्या देवळात नेतो. आधी टाळ वाजव म्हणतो, मग झांज. टाळ जाड, वाटीसारखा. त्याचा प्रत्येक ठोका सुटा कानावर येतो. झांज पातळ आणि पसरट, ती 'छन्न' करून सगळीकडे सांडते. राइड ही टाळाच्या घरातली, क्रॅश झांजेच्या.

खेळ सगळा जाडीचा. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट होतं, पण वाकायला तो आठपट ताठ होतो. पातळ क्रॅशच्या कडेवर स्टिकचा दांडा जोरात बसला की पत्रा स्वतःच्या जाडीएवढा, कधी त्याहून जास्त हलतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघा, कड ओल्या पापडासारखी लवते. एवढं हलल्यावर कंपनं आपापल्या जागी राहत नाहीत. संथ कंपनांतली ऊर्जा वेगवान कंपनांत झिरपते, त्यांच्यातून आणखी वेगवान कंपनांत. म्हणून क्रॅशचा आवाज ठोक्याबरोबर पुरा येत नाही. आधी काहीसा दबका, आणि पापणी लवायच्या आत 'छsss' फुलतो.

राइड साधारण 20 ते 22 इंची आणि जड. तिच्यावर स्टिकचं नुसतं टोक पडतं, पत्रा जाडीच्या मानाने जेमतेम हलतो, ऊर्जेची ती झिरप फारशी होत नाही आणि 'टिंग' स्वच्छ राहतो. 1940च्या दशकात जॅझमधल्या केनी क्लार्कने ताल धरायचं काम पायाखालच्या ड्रमवरून राइडवर आणलं, ते याच सुट्या ठोक्याच्या जिवावर.

धातूकडेही बघावं. चांगल्या सिंबलच्या काशात 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असतं. तळपाय घासायच्या काशाच्या वाटीतही जवळपास हेच. हे कासं मोठं विक्षिप्त. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. हे सावकाश निवलं तर ठिसूळ राहतं आणि लालबुंद असताना पाण्यात बुडवलं तर हातोडी सोसतं. स्वस्तातली पितळी तबकडी सरावापुरती ठीक, कार्यक्रमाला नको.

माझं मत विचाराल तर आधी 16 इंची पातळ क्रॅश घ्यावी. ताल हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या दोन तबकड्यांच्या जोडीवर, निभावतो, समेवरचा दणका कशानेच निभावत नाही. फक्त पत्र्याच्या छपराच्या मंगल कार्यालयात तिला जपून हात लावा, तिथे एका ठोक्याचा आवाज दुसऱ्याच्या अंगावर येतो. 18 इंची क्रॅश-राइड मिळते, पण ती मला धड इकडची वाटत नाही ना तिकडची.

माझी पहिली क्रॅश मीच मारली. टेम्पोतून उतरवताना पडू नये म्हणून स्टँडचा नट करकचून आवळला आणि तसाच वाजवत राहिलो. मध्येच जखडलेली तबकडी झोका घेऊन ठोका सोडवू शकत नाही, सगळा मार पत्र्यावरच येतो. दुसऱ्या लग्नसराईत कडेला बोटभर चीर गेली. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चिरेच्या टोकाशी बारीक गोल भोक पाडून घेतलं. टोकदार चिरेवर ताण एकवटतो, भोकाच्या गोल कडेवर तो पसरतो. चीर तिथेच थांबली. ती क्रॅश आता नव्या पोरांच्या सरावाला असते, आवाज जरा खरखरतो.