कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह, भुसावळचा लेड प्लग आणि हरभऱ्याचं थ्रेशर

वरण-बट्टीचा बेत असला की आमच्या घरी तुरीची डाळ मोठ्या कुकरमध्ये लागते. डाळ जरा जास्त पडली की तिचा फेस वर येतो, शिटीच्या नळीत जाऊन बसतो आणि शिटी होतच नाही. खाली गॅस चालू, आत वाफ कोंडलेली. अशा वेळी झाकणावरची एक छोटी वस्तू घर वाचवते, ती म्हणजे सेफ्टी वॉल्व्ह. बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा आणि त्यात कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची टिकली. घरगुती कुकरमध्ये दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि तापमान १२० अंशांच्या आसपास असतं. पाणी आटलं किंवा नळी तुंबली आणि उष्णता हद्दीपलीकडे गेली, की ती टिकली वितळते आणि वाफ त्या भोकातून निघून जाते. छताला डाळ लागते, माणसं वाचतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या कुकरचा वॉल्व्ह असाच गेला. दुरुस्तीला दिला तर त्या जागी चक्क नट-बोल्ट आवळून परत आला. गळती थांबली होती, देणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता. पण ते झाकण हातात घेतल्यावर माझ्या पोटात गोळा आला. कुकरचा सगळ्यात हुशार भाग काढून तिथे मुकं लोखंड बसवलं होतं. या तुकड्याचा इतिहास लोकांना माहीत असता तर असा बोल्ट कुणी बसवला नसता, असं तेव्हापासून वाटतं. म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात होते १६७९ मध्ये. डेनी पापँ या फ्रेंच संशोधकानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडं मऊ करणारं घट्ट झाकणाचं भांडं मांडलं. वाफ कोंडली की भांडं फुटण्याची भीती होतीच. त्यावर त्यानं तोड काढली ती दांडीला वजन टांगलेल्या झडपेची. दाब वजनापेक्षा वाढला की झडप उचलली जाते. आपल्या कुकरची शिटी हे त्याच वजनाचं आजचं रूप.

वितळणारी टिकली आली सव्वाशे वर्षांनी आणि ती आली माणसं मेल्यावर. १८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंग्रज अभियंत्याच्या जास्त दाबाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. ज्या पोरावर तो सोपवला होता, तो मासे धरायला गेला होता. ट्रेव्हिथिकनं त्यातून एक गोष्ट ताडली. झडप माणूस दाबून ठेवू शकतो, विसरू शकतो, अडकवू शकतो. म्हणून असा भाग हवा की जो कुणाच्या हातात नाही. त्यानं बॉयलरमध्ये शिशाची खुंटी बसवली. पाण्याची पातळी खाली गेली की शिसं वितळणार आणि वाफ स्वतःच मोकळी होणार.

भुसावळच्या जुन्या रेल्वेवाल्यांना ही खुंटी वेगळी सांगावी लागत नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळात भुसावळचं लोको शेड मोठं होतं आणि तिथल्या भाषेत या खुंटीला ‘लेड प्लग’ म्हणत. फायरबॉक्सच्या, म्हणजे इंजिनातल्या भट्टीच्या, छतात पितळी खुंटी आणि तिच्या पोटात शिसं. छतावर पाणी असेपर्यंत शिसं थंड राहायचं. पाणी छताखाली गेलं की ते वितळायचं, वाफ भट्टीत शिरायची, आग मंदावायची आणि ड्रायव्हर-फायरमनला कळायचं की आता थांबा. प्लग वितळणं ही इंजिनावरच्या माणसांची गंभीर चूक धरली जायची. भुसावळचा लेड प्लग आणि स्वयंपाकघरातला सेफ्टी वॉल्व्ह ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत.

आता ‘पेटंट’ या शब्दाकडे. मराठीत तो फार सैल झालाय. ‘हे त्याचं पेटंट वाक्य’ म्हणजे ठरलेलं, नेहमीचं वाक्य. आठवडी बाजारात एखाद्या पंपावर किंवा फवाऱ्यावर ‘पेटंट’ लिहिलेलं दिसलं की गिऱ्हाईक समजतं, म्हणजे तपासलेलं, खात्रीचं. तसं नाही. वस्तू नवी आहे, जाणकाराला सहज सुचणारी नाही आणि तयार करता-वापरता येते, इतकंच पेटंट कार्यालय बघतं. ती हात तोडेल की वाचवेल, हे तपासणारं दार वेगळं आहे आणि त्या दाराचा इतिहासही वेगळा आहे.

हिंदुस्थानातला पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या स्थापत्य अभियंत्यानं पहिला अर्ज केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. म्हणजे या देशातला पहिला पेटंट-अर्ज उकाड्यावरचा होता. मे महिन्यात जळगावात बसून हे लिहिताना त्याचं महत्त्व वेगळं समजावून सांगायला नको. तो कायदा ब्रिटिश राणीची आगाऊ संमती न घेता केला म्हणून रद्द झाला, १८५९ मध्ये नव्यानं आला. पुढे १९११ चा कायदा, मग आपला १९७० चा, जो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पेटंटची मुदत आज २० वर्षांची आहे.

खानदेशात पेटंट घेतलेलं यंत्र मोठ्या प्रमाणावर आलं ते कापसाबरोबर. त्याआधी सरकी वेगळी करायची ती दोन रुळांच्या हातचरख्यावर. अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९४ मध्ये करवतीच्या दात्यांच्या जिनचं, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं होतं. इकडे मूळ धरलं ते दुसऱ्याच यंत्रानं. फोन्स मॅकार्थी या अमेरिकी माणसाचं १८४० चं पेटंट. कातड्याचा रूळ, त्याला टेकलेली एक स्थिर पाती आणि वरखाली हलणारी दुसरी पाती. रूळ रुई ओढून नेतो, पाती सरकी झटकून टाकते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, मुंबईचे भाव चढले. त्याच दशकात रेल्वे खानदेशातून पुढे गेली. पुढच्या काही दशकांत जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे इथं सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिन-प्रेसची धुराडी उभी राहिली. आजच्या डबल रोलर जिनचं मूळ तत्त्वही मॅकार्थीचंच आहे.

मॅकार्थीच्या पेटंटात रुई सरकीपासून कशी सुटेल, हे होतं. जिनमध्ये घास देणाऱ्या बाईचा पदर फिरत्या पट्ट्यात कसा जाणार नाही, हे नव्हतं. ते काम कायद्याकडे आलं आणि कायदा हळू आला. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात धोक्याच्या यंत्राला कठडा घालायची तरतूद होती. पण १०० पेक्षा कमी माणसं असलेला किंवा वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारा कारखाना त्याच्या कक्षेबाहेर होता. हंगामी जिनं त्यातून पुष्कळ सुटली. १८९१ मध्ये ती मर्यादा ५० माणसांवर आली. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात २७ वं कलम फक्त कापसाच्या प्रेससाठी होतं. कापूस-ओपनर, म्हणजे कापूस मोकळा करणारं यंत्र, चालू असलेल्या भागात बाई किंवा मूल कामाला ठेवायचं नाही, असं ते सांगायचं. यंत्राचं घास देण्याचं तोंड आणि बाहेर येण्याचं तोंड यांच्यामध्ये छतापर्यंत भिंत असेल, तरच घास देण्याच्या बाजूला त्यांना काम करता यायचं. हे कलम वाचताना त्यामागचे अपघात न सांगता दिसतात. आणि जिनमधल्या बायकांच्या डोक्यावरचा कापसाचा भारा प्रत्यक्षात उतरायला लागला तो बराच उशिरा. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत जिनं आधुनिक झाली, कापूस वाहून नेणाऱ्या हवेच्या नळ्या आणि आपोआप घास देणारे ऑटो-फीडर आले.

बॉयलरचं मात्र लवकर मार्गी लागलं, कारण बॉयलर फुटला की मालकाचीही इमारत जाते. कलकत्त्यात १८६३ मध्ये मोठा स्फोट झाला, १८६४ मध्ये बंगालनं तपासणीचा कायदा केला आणि १९२३ मध्ये सबंध देशासाठी बॉयलर कायदा आला. यातली चाचणी मला फार सुंदर वाटते. बॉयलरमध्ये वाफ नाही, साधं पाणी काठोकाठ भरतात आणि चालवायच्या दाबाच्या दीडपट दाब देतात. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे त्यात ताकद साठत नाही. पत्रा कच्चा असेल तर तो गळतो, दाब एकदम खाली येतो, तपासनीस खडूनं खूण करतो. त्याच पत्र्यात वाफ असती तर तो माणूस घरी गेला नसता. कच्चेपणा कळावा, पण कळताना कुणी मरू नये, ही चाचणीची खरी कारागिरी.

रोजच्या अडचणींवर यंत्र काढणारा आपला मराठी माणूस म्हणजे शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७, मुंबईचा. किराणा मालाचं आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्रासाठी लंडनच्या एका मासिकानं स्पर्धा लावली होती, ती त्यांनी जिंकली आणि पुढे विलायतेला गेले. छापखान्याचे खिळे झपाट्यानं पाडणारं यंत्र त्यांनी काढलं, दादाभाई नौरोजी पाठीशी उभे राहिले, तरी भांडवल शेवटपर्यंत पुरलं नाही. पेटंट हातात असून यंत्र बाजारात न पोचण्याचं दुःख त्यांच्याइतकं कुणी भोगलं असेल, असं मला वाटत नाही.

आता थ्रेशर, म्हणजे मळणी यंत्र. दादर (रब्बी ज्वारी), हरभरा, गहू, मका, सगळं आता यंत्रातून निघतं. आमच्याकडे हरभरा काढायचा म्हणजे फाल्गुनातलं ऊन, म्हणून काम रात्री. मागे ट्रॅक्टर, वर एक बल्ब, तोंडाला गुंडाळलेला रुमाल, धुळीनं लाल झालेले डोळे. घास देणारा माणूस पेंढी पुढे ढकलतो आणि ड्रमचे दाते ती ओढतात. ओढ इतकी जोराची असते की मूठ सोडायला अर्धा क्षण उशीर झाला तर पेंढीबरोबर हात जातो. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा उजवा पंजा असाच गेला. ते अजून डाव्या हातानं चहा पितात आणि त्याविषयी बोलत नाहीत.

उत्तर भारतात हरितक्रांतीनंतर गव्हाच्या थ्रेशरवर असे हात इतके गेले की १९७९ मध्ये सुरक्षित घास-नळीचं मानक निघालं. नळीची लांबी कमीत कमी ९० सेंटिमीटर आणि ड्रमकडून ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला. माप साधं आहे. माणसाचा हात लांब केला तरी दात्यांपर्यंत पोचू नये, एवढंच त्यात पाहिलंय. १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला आणि त्यात ‘धोकादायक यंत्र’ या शब्दाच्या व्याख्येतच पहिलं नाव मळणी यंत्राचं आहे. नळी लांब झाली की घास हळू जातो, म्हणून काही ठिकाणी ती गॅस-कटरनं आखूड करून घेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मजूर तासावर, यंत्र एकराच्या भाड्यावर, त्यात पाऊस येण्याची भीती. घाई का होते ते कळतं. पण त्या कापलेल्या पत्र्याची किंमत घास देणारा मोजतो, भाडं घेणारा नाही.

रस्त्याचं थोडक्यात. मुंबई-आग्रा रोडवर शिरपूर तालुक्यात पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक गेलेला कंटेनर घाट उतरून हॉटेलात घुसला, दहा जण तरी गेले. ट्रकच्या हवेच्या ब्रेकचं मूळ जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या रेल्वे-ब्रेकच्या पेटंटांत आहे. १८७२ मध्ये त्यानं अशी रचना केली की नळी तुटली, हवा गेली तर ब्रेक सुटायच्या ऐवजी आपोआप लागावा. लेड प्लगमागचा विचार इथेही तोच आहे. घाटात मात्र वेगळा शत्रू असतो. सतत दाबून ब्रेकचे लायनर इतके तापतात की हवा पुरेशी असूनही पकड सुटते, म्हणून उतारावर लहान गिअर लावायचा असतो. तीन ठिकाणी बांधणारा सीट-बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिननं १९५९ मध्ये काढला आणि कंपनीनं ते पेटंट सगळ्या मोटार कारखान्यांना वापरायला खुलं ठेवलं. गाडी आपटून बघायची तर आत माणूस कसा बसवणार? त्यासाठी १९४९ मध्ये अमेरिकेत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या चाचणीसाठी बनवलेला पुतळा कामी आला, त्याच वंशातले पुतळे आज मोटारीत बसतात. आपल्याकडे भारत एनकॅप, म्हणजे मोटारी आपटून त्यांची सुरक्षितता तपासण्याची योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरनं होते.

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत आणि गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत केळीच्या घडापासून कापसाच्या पऱ्हाटीपर्यंत प्रत्येक अडचणीवर कुणी ना कुणी काहीतरी बनवत असतो. त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. पेटंटचा अर्ज वैयक्तिक माणसाला ऑनलाइन १६०० रुपये शुल्कात करता येतो, पण वस्तू लोकांपुढे येण्याआधी करायला हवा. कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला, मोबाइलवर व्हिडिओ फिरला, तर बहुतेक वेळा तिचं नवेपण तिथंच संपतं. आणि शेतीचं यंत्र असेल तर चाचणीची वाट वेगळी आहे. एक राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे जाते आणि दुसरी भुसावळहून इटारसीमार्गे नर्मदेकाठच्या बुदनीला, जिथं केंद्र सरकारची शेती-यंत्र चाचणी संस्था १९५५ पासून आहे. सरकारी अनुदानाच्या यादीत यंत्र बसवायचं तर अशा केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. थ्रेशर तिथं उतरवलं की टेप काढून नळीची लांबीही मोजतात.