वेंट हे गो चं रूप नाहीच मुळी

गो-वेंट-गॉन सगळ्यांनीच घोकलंय. टेक-टुक, सिंग-सँग मधे निदान सुरुवातीचं अक्षर तरी टिकतं, पण गो चं वेंट? काहीच मेळ नाही. आणि नसणारच, कारण वेंट हा गो चा पास्ट टेन्स नव्हताच, तो वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा आहे. सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, तसंच वेंड-वेंट.

वेंड म्हणजे मुळात वळणं, वळवणं. दोरा गुंडाळतो त्याला वाइंड म्हणतात ना, ते याचं सख्खं भावंड. वळत वळत वाट काढणं, मग नुसतं जाणं, असा अर्थ सरकत गेला. आता गंमत अशी की गो ला त्याआधीही स्वतःचा पास्ट टेन्स नव्हताच, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तिथे एओदे असं भलतंच रूप होतं, तेही दुसऱ्याच धातूचं. पंधराव्या शतकाच्या सुमारास वेंट ने त्याला हटवून ती जागा घेतली. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र लोकांनी गो पासूनच सरळ गेड बनवलं. बिचाऱ्या वेंड चं रूप गेलं म्हणून त्याला वेंडेड असं नवं करून घ्यावं लागलं.

पण इतकी विचित्र जोडी टिकली कशी? वापरामुळे. रोज शंभरदा कानावर पडणारं रूप डोक्यात तयारच असतं, नियम लावून बनवायची वेळच येत नाही. क्वचित लागणारं रूप आठवत नाही, मग माणूस नियम लावतो आणि ईडी जोडून मोकळा होतो. हेल्प चा पास्ट टेन्स पूर्वी होल्प च्या वळणाचा होता, आता हेल्प्ड. २००७ साली नेचर मधे यावर एक पेपर आला होता, त्यात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली तर आज त्यातली फक्त ९८ अनियमित उरलीत, आणि हिशोब असा निघाला की वापर शंभरपट कमी असेल तर क्रियापद दहापट लवकर नियमित होतं (म्हणजे नियमित होण्याचा वेग वापराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, आणि किरणोत्सारी पदार्थासारखं क्रियापदांचंही अर्धायुष्य, म्हणजे तितकीच वापरातली निम्मी क्रियापदं नियमित व्हायला लागणारा काळ, काढता येतं). बी आणि हॅव यांचं अर्धायुष्य ३८,८०० वर्षं येतं! लहान मुलं आधी वेंट बरोबर म्हणतात, मग नियम कळला की गोड (गो ला ईडी लावून) म्हणायला लागतात, आणि नंतर परत वेंट वर येतात. आपली मुलं "मी करलं" म्हणतात ते हेच, चूक नाही ती, नियम सापडल्याची खूण आहे.

आणि हसायचं कशाला इंग्रजीला, आपलं बघा. जातो, जाईल, जाणार, पण काल? गेला. ज चा ग कसा झाला? झालाच नाही. जाणे आलं संस्कृतातल्या "या" नावाच्या धातूपासून, याति वालं, आणि गेला आलं गम् च्या गत पासून. म्हणजे आपणही दोन क्रियापदं शिवून एक केलंय.

गो म्हणजे आपलं गम्, म्हणून इंग्रजी संस्कृतातून निघाली वगैरे सांगणारा एक फॉरवर्ड मेसेज फिरतो, त्याबद्दल इथे बोलायलाच हवं. नुसतं सारखं ऐकू येणं हा पुरावा नाही. या दोन्ही भाषा एका जुन्या भाषेच्या लेकी आहेत, आई-मुलगी नाहीत, आणि त्यांच्यातले ध्वनी ठरलेल्या नियमाने बदललेत. याकोब ग्रिम ने (परीकथावाले ग्रिम बंधू, त्यातला थोरला) १८२२ मधे हे नीट मांडलं. संस्कृतात ग असेल तिथे इंग्रजीत क येतो: गाय या अर्थाचा गो तिकडे काऊ, युग म्हणजे जू तिकडे योक. इंग्रजी ग समोर संस्कृतात बहुतेकदा ह किंवा घ लागतो, जसं गूज आणि हंस. मग इंग्रजी गो हे गम् चं भावंड होऊच शकत नाही. गम् ला नियम लावा, ग चा क करा, कम मिळेल. हो, येणं वालं कम. आपण गेला म्हणतो आणि इंग्रज कम म्हणतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकच धातू असतो.